'वसालो'चा माग

गॅलिशियन शब्दकोशात 'वसालो' म्हणजे सरंजामदाराचा मांडलिक. एस्पेरांतोच्या शब्दकोशातही अक्षरशः तोच शब्द, तोच अर्थ. पहिली भाषा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली, मध्ययुगापासूनची. दुसरी झामेनहॉफ यांनी स्वतः रचून १८८७ साली वॉर्सात छापून जगापुढे ठेवलेली. मग कोणी कोणाकडून उचलला?

कोणीच नाही. एस्पेरांतोत प्रत्येक नामाला 'ओ' लागतोच, आणि मूळ शब्द जर्मन, रशियन, फ्रेंच सगळ्यांकडे होता. गॅलिशियनमधला 'ओ' मात्र लॅटिनचा वारसा.

खरी साक्ष देतो तो 'ल'. दोन स्वरांमधला एकेरी 'ल' गॅलिशियनमध्ये गळून पडतो: 'दोलोरेम'चं, म्हणजे वेदनेचं, 'दोर' झालं. जोड 'ल्ल' मात्र 'ल' होऊन टिकतो: 'काबाल्लुम'चा, म्हणजे घोड्याचा, 'काबालो' झाला. म्हणजे 'वसालो'च्या मागे जोडाक्षर होतं: मध्ययुगीन लॅटिनमधला 'वासाल्लुस', आणि त्याच्याही मागे 'वास्सुस'.

हा 'वास्सुस' सिसेरोच्या लॅटिनमध्ये नाही. तो भेटतो सहाव्या शतकातल्या फ्रँकांच्या कायद्यात, आणि तिथे तो चक्क गुलाम आहे! पुढे ७५७ साली बव्हेरियाचा ड्यूक तासिलो पेपिन राजाच्या हातात हात देऊन त्याचा मांडलिक झाला, असं फ्रँकांच्या राजवृत्तांतात नोंदलं आहे. गुलामाचं नाव ड्यूकने धारण करावं, ही त्या शब्दाची विलक्षण चढण. गॅलिशियात तो पुन्हा सामान्य रयतेवर उतरला. १४६७ साली याच रयतेने बंड करून सरदारांचे किल्ले जमीनदोस्त केले.

पण 'वास्सुस' आला कुठून? वेल्शमध्ये 'ग्वास' म्हणजे पोरगा, चाकर. जुन्या आयरिशमध्ये 'फॉस' म्हणजे चाकर. शब्द केल्टिक! इथे मोह होतो, कारण केल्टिक वारशाचा गॅलिशियाला मोठा अभिमान. पण हा शब्द तिथल्या मातीतला नव्हे. तो फ्रान्सच्या, म्हणजे जुन्या गॉलच्या केल्टिकमधून फ्रँकांच्या दरबारी लॅटिनमध्ये शिरला आणि तिथून दक्षिणेकडे आला.

शेवटची कडी मला सर्वांत थरारक वाटते. केल्टिक भाषांनी मूळचा 'प' हरवला. तो परत बसवला की भाषातज्ज्ञांना मूळ रूप मिळतं 'उपो-स्थ-', म्हणजे खाली, जवळ उभा राहणारा. संस्कृतचा 'उप' आणि 'स्था' याच घराण्यातले. आपण रोज हजेरीला म्हणतो तो 'उपस्थित' या मांडलिकाचा दूरचा भाऊबंद आहे.