दिव्यांगांचे मुंबईदर्शन : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिव्यांग व्यक्तीच्या महानगरातील हिंडण्याफिरण्याविषयीचे बहुतेक गैरसमज ‘दिव्यांग’ या शब्दाच्या अर्थापाशीच सुरू होतात. हा शब्द कानावर पडताच डोळ्यांपुढे चाकाची खुर्ची उभी राहते आणि प्रवेशद्वाराशी एक उतार बांधला की कर्तव्य संपले, असे वाटू लागते. वस्तुस्थिती अशी की, दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. 1995 च्या कायद्यात ते सातच होते. या 21 प्रकारांत अल्पदृष्टी, कर्णबधिरता, स्वमग्नता, सिकलसेल, पार्किन्सन अशा, पाहणाऱ्याच्या चटकन लक्षातही न येणाऱ्या अवस्था आहेत. 2011 च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे 2.68 कोटी नोंदली गेली, आणि त्यांत हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व असणाऱ्यांचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास होता. दृष्टीशी आणि श्रवणाशी संबंधित गटही जवळपास तेवढेच मोठे होते. कर्णबधिर पर्यटकाला रॅम्पचा काहीच उपयोग नसतो. त्याला हवा असतो गाडीचे पुढचे स्थानक लिहून दाखवणारा फलक.

दुसरा गैरसमज खुद्द रॅम्पविषयीचा आहे. दुकानांच्या, कार्यालयांच्या, देवळांच्या दारात लोखंडी पत्र्याची किंवा फळीची एखादी घसरगुंडी टेकवलेली दिसते आणि तिलाच रॅम्प म्हटले जाते. बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा अधिक तीव्र असू नये, म्हणजे 1 सेंटिमीटर उंची गाठण्यासाठी किमान 12 सेंटिमीटर लांबी मिळाली पाहिजे. प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर चढायची उंची 45 सेंटिमीटर होते आणि रॅम्प किमान 5.4 मीटर लांब असावा लागतो. त्याच तीन पायऱ्यांवर दीड मीटरची फळी टाकली, तर खुर्ची स्वतःच्या हातांनी वर नेणे अशक्य होते आणि उतरताना ती पुढे कलंडण्याचा धोका असतो. असा रॅम्प नसलेला बरा, कारण तो सोय झाल्याचा आभास निर्माण करून खरी सोय लांबणीवर टाकतो. सरकत्या जिन्याचेही तेच. तो गर्दीसाठी उपयुक्त आहे, पण चाकाच्या खुर्चीसाठी तो जिनाच असतो. तिथे उद्वाहन, म्हणजे लिफ्टच, लागते.

पदपथांवर आणि मेट्रो स्थानकांत बसवलेल्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या शोभेसाठी किंवा पाय घसरू नये म्हणून असतात, असे मानणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ आहेत. या फरश्या वस्तुतः एक लिपी आहेत. जपानमधील सेइइची मियाके यांनी त्या विकसित केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरातील एका रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. त्यांत मुख्यतः दोन खुणा असतात. लांबट समांतर पट्ट्या ‘या दिशेने चालत राहा’ असे सांगतात, तर गोल ठिपके ‘थांबा, पुढे जिना, वळण, रस्ता किंवा फलाटाची कड आहे’ असा इशारा देतात. अंध व्यक्ती हा मजकूर तळपायाने आणि पांढऱ्या काठीच्या टोकाने वाचत जाते, तर अल्पदृष्टी असलेल्यांना पिवळ्या रंगाचा भडकपणा वाट दाखवतो, आणि म्हणूनच सौंदर्यदृष्टीचे कारण देऊन तो रंग करडा करणे ही सुधारणा नव्हे. मुंबईतील अनेक पदपथांवर ही पिवळी रेघ नीट चालत येते आणि एकाएकी विजेच्या खांबाला, झाडाच्या आळ्याला किंवा उभ्या केलेल्या दुचाकीला जाऊन धडकते. कुठे खोदकामानंतर चार फरश्या साध्या बसवल्या जातात, तर कुठे ठिपक्यांच्या जागी पट्ट्या लागतात. डोळसाला ही किरकोळ चूक वाटते, परंतु त्या रेघेवर विसंबलेल्या माणसासाठी वाक्याच्या मध्यावर शब्द बदलल्यासारखे होते, आणि तो शब्द ‘थांबा’ असेल तर पाऊल थेट रस्त्यावर पडते.

हा प्रश्न एकेका सोयीचा नसून साखळीचा आहे. स्थळ, वाहन वा माहिती कुणालाही, शक्यतो दुसऱ्याच्या मदतीविना वापरता येण्याजोगी असणे याला सुगम्यता म्हणतात, आणि साखळीतली एक कडी तुटली की उरलेल्या कड्या वाया जातात. आरे ते कफ परेड ही ‘मेट्रो 3’ची 33.5 किलोमीटर लांबीची आणि 27 स्थानकांची मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण खुली झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत येतात, त्यामुळे विज्ञान संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक ही ठिकाणे चाकाच्या खुर्चीला प्रथमच इतकी जवळ आली. तरीही हुतात्मा चौकापासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापर्यंतचे अंतर पदपथावरूनच कापावे लागते, आणि तिथे वाहने चढू नयेत म्हणून रोवलेले बुटके खांब आडवे येऊ शकतात. दोन खांबांमध्ये साधारण 90 सेंटिमीटर जागा असेल तरच खुर्ची सुखाने पार होते. मुंबईतील पदपथांवरच्या अशा खांबांची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती.

लोकल गाडीत दिव्यांगांसाठी राखीव डबा असल्यामुळे लोकल दिव्यांगांना सोयीची आहे, हा समज अर्धाच खरा आहे. त्या डब्याची थांबण्याची जागा अंध प्रवाशाला कळावी म्हणून फलाटांवर ध्वनिसंकेत देणारी यंत्रे बसवण्यात आली आहेत, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. मात्र डब्याचा तळ फलाटापेक्षा उंच असतो, मध्ये फट असते आणि गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. खुर्चीवरच्या व्यक्तीने तेवढ्या वेळात एकट्याने आत शिरणे होत नाही. राखीव डबा जागा देतो, प्रवेश देत नाही.

वारसास्थळांना हात लावता येत नाही, त्यामुळे तिथे सोय अशक्यच, असे उत्तर फार सहज दिले जाते. घारापुरीच्या लेण्यांपुरते त्यात तथ्य आहे, कारण हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकण्यापासूनच अडचणी सुरू होतात आणि धक्क्यापासून लेण्यांकडे सुमारे 120 पायऱ्या चढाव्या लागतात. वर नेण्यासाठी डोलीवाले मिळतात, पण दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणे सगळ्यांनाच मानवते असे नाही. परंतु घारापुरीचा निकष साऱ्या वास्तूंना लावणे चूक आहे. 1922 साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय काय किंवा मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा सपाट पदपथ काय, इथे डोंगर फोडायचा नसतो. काढून ठेवता येण्याजोगा रॅम्प, बाजूच्या दाराचा वापर, मूर्तींच्या स्पर्श करता येतील अशा प्रतिकृती, ब्रेल पाट्या यांनी मूळ दगडाला ओरखडाही येत नाही.

‘सोय केली तरी ते येतात कुठे?’ हा प्रश्न तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतो. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नसेल, तर दिवसभराच्या सहलीला निघणारी व्यक्ती सकाळपासून पाणी पिणे टाळते किंवा घरीच राहते. ती न दिसणे हा गरज नसल्याचा पुरावा नव्हे.

शेवटचा आणि सर्वांत घातक गैरसमज म्हणजे हे सारे दयाबुद्धीने करायचे काम आहे, हा. 2016 च्या कायद्यानुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम जारी झाल्यापासून 5 वर्षांची मुदत होती, जी जून 2022 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ शिफारशीच्या स्वरूपातील मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नाहीत, किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत, आणि ते तीन महिन्यांत आखण्यास केंद्र सरकारला सांगितले.

हे निकष प्रत्यक्षात उतरेपर्यंत मुंबई पाहण्यास निघणाऱ्या दिव्यांग व्यक्तीने व तिच्या कुटुंबीयांनी आधी दूरध्वनी करून चौकशी करावी, पण ‘रॅम्प आहे का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘आहे’ असेच मिळते. त्याऐवजी असे विचारावे : रस्त्यापासून तिकीटखिडकीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत एकूण पायऱ्या किती, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर, आणि लिफ्ट आज चालू आहे का.