पार्टी ९० दिवसांनी पैसे देते? मग हा ४५ दिवसांचा नियम नीट समजून घ्या



उधारीवर कधीही बोललो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल वेळेत पोचवला, बिल दिलं, पण पार्टी तीन-तीन महिने पैसेच काढत नाही. काय करू?" आधी याचं उत्तर एकच होतं, फोन करत राहा. आता चित्र थोडं बदललंय.

१ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशेबापासूनच, आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. एखाद्याने सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवायचा.

मुदत किती? ती २००६ च्या एमएसएमई कायद्यात आधीपासूनच आहे. लेखी करार नसेल तर फक्त १५ दिवस. लेखी असेल तर त्यात ठरलेली मुदत, पण ४५ च्या वर नाही. पीओवर "९० डेज" छापलेलं असलं तरी कायदा ४५ च मोजतो. बरेच जण इथेच चुकतात. तोंडी व्यवहारातही ४५ दिवस मिळतात असं समजून बसतात.

हिशेब करून बघू. समजा तुम्ही १० फेब्रुवारी २०२६ ला २ लाखांचा माल दिला आणि ४५ दिवसांचा लेखी करार आहे. मुदत संपली २७ मार्चला. पार्टीने पैसे दिले २० एप्रिलला. आता हे २ लाख तिच्या २०२५-२६ च्या खर्चात धरले जाणार नाहीत. ती ३० टक्के कर भरत असेल तर त्या वर्षी ६० हजारांचा जादा कर. पुढच्या वर्षी तो खर्च मिळेल, पण आज खिशातून गेले ना! म्हणून मार्च आला की तिचा अकाउंटंटच तुमचं बिल शोधून वर काढतो.

पण हे सगळं कुणासाठी? उत्पादन करणारे आणि सेवा देणारे यांच्यासाठी. तुम्ही तयार माल आणून विकणारे व्यापारी असाल, तर २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच. हा नियम तुमच्या बिलाला लागत नाही. मसाला कुटून, पॅक करून विकणारी ताई यात बसते. तोच मसाला घाऊक आणून विकणारा दादा बसत नाही.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. कुणी "दोन हजार द्या, करून देतो" म्हणालं तर नमस्कार करा आणि पुढे चला. मात्र ती माल देण्याच्या आधी करा. आधी पुरवठा आणि मग नोंदणी केली तर जुन्या बिलांना या कायद्याचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, पण त्या भरवशावर राहू नका.

मग उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. "आम्हाला माहीतच नव्हतं" हे उत्तर तिथेच बंद. आणि चलनावर माल मिळाल्याची सही आणि तारीख घ्याच. पार्टीने १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरतात. घड्याळ तिथून सुरू होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, मिळाला" असा मेसेज असला तर तोही जपून ठेवा.

तरीही पैसे आले नाहीत तर? उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के. त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट फार कामाची आहे.

आता खरी भीती. "व्याज मागितलं तर पार्टी जाईल." हो, जाऊ शकते. सगळा धंदा एकाच पार्टीवर उभा असेल तर मी तुम्हाला उद्या नोटीस पाठवा असं सांगणार नाही. आधी फेब्रुवारीच्या शेवटी एक साधं पत्र द्या: थकीत बिलांची यादी, तारखा, उद्यम नंबर आणि "आपल्या हिशेबासाठी माहिती" एवढंच. भांडण नाही, मागणी नाही. बाकी काम त्यांचा सीए करतो.

आणि हो, तुम्हीसुद्धा कुणाचे तरी खरेदीदार आहात. बॉक्सवाला, लेबल छापणारा, जॉबवर्क करणारा यांची उद्यम स्थिती विचारून घ्या आणि त्यांची बिलं वेगळ्या फाइलला लावा. ४४एडीखाली ठराविक टक्क्याने नफा दाखवत असाल तर कराचा हा फटका सहसा बसत नाही, पण उशिराचं व्याज मात्र तुम्हालाही लागू आहे.