धावणाऱ्याचे स्वगत : पुरुष, आज्ञार्थ आणि दम

छत्रपती संभाजीनगरच्या मैदानांवर आणि गोगाबाबा टेकडीच्या चढावर पहाटे जे तरुण-तरुणी धावताना दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या दृष्टीने धावणे हा छंद नव्हे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर शेतकरी कुटुंबातील एखाद्या मुलाची नोकरी अवलंबून असते. त्यांच्या बोलीत या चाचणीला नुसते ‘ग्राउंड’ म्हणतात. चारशे मीटरच्या चार फेऱ्यांपैकी तिसरी फेरी सर्वांत कठीण, असा धावणाऱ्यांचा अनुभव आहे. पहिल्या दोन फेऱ्यांतील उमेद सरलेली असते आणि शेवट अद्याप दृष्टिपथात आलेला नसतो. अशा वेळी धावणारा स्वतःशी काहीतरी बोलतो. हे बोलणे बहुधा ओठांबाहेर पडत नाही. तथापि ते भाषाच होय, आणि म्हणून त्याचे व्याकरणही तपासता येते.

या अंतर्भाषणाचा पाया लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घातला. लहान मूल प्रथम इतरांच्या आज्ञा ऐकते, पुढे त्याच आज्ञा स्वतःला मोठ्याने देते, आणि कालांतराने ते बोलणे आत वळते, असे त्याचे प्रतिपादन होते. आत वळताना भाषा संक्षिप्त होते. कर्ता गळतो आणि विधेय तेवढे उरते. धाप लागलेल्या माणसाचे स्वगत एकदोन शब्दांचे का असते, याचे उत्तर केवळ श्वासाच्या तुटवड्यात शोधणे म्हणूनच अपुरे ठरेल.

या बोलण्याने प्रत्यक्षात काही साधते काय? २०१४ साली ब्लँचफील्ड, मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ व्यक्तींना स्थिर सायकलवर थकून थांबेपर्यंत पाय मारावयास सांगितले होते. त्यांतील एका गटाला उत्तेजक स्वगताचे शिक्षण देण्यात आले. त्या गटाचा टिकाव सरासरी ६३७ सेकंदांवरून ७५१ सेकंदांवर गेला, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात अशी वाढ झाली नाही. स्वगत शिकलेल्यांना तेच श्रम कमी जड वाटले, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. स्नायूंचे बळ वाढले नव्हते, श्रमाची जाणीव बदलली होती. अर्थात प्रयोगशाळेतील सायकल म्हणजे मैदान नव्हे. २०१८ साली अतिदीर्घ पल्ल्याच्या एका रात्रधावेवर झालेल्या अभ्यासात अशा स्वगताने धावपटूंची वेळ सुधारल्याचे आढळले नाही, जरी त्यांतील बहुतेकांनी ते पुढेही वापरीत राहणे पसंत केले.

भाषेच्या अभ्यासकाला अधिक रस वाटावा असा प्रयोग हार्डी, थॉमस व ब्लँचफील्ड यांचा आहे (२०१९). त्यांत १६ पुरुषांनी १० किलोमीटरचे अंतर सायकलवर कापताना एकदा प्रथम पुरुषी आणि एकदा द्वितीय पुरुषी वाक्ये मनाशी म्हटली. आशय एकच होता; बदलले ते सर्वनाम. ‘तू’ म्हणणाऱ्या फेरीतील वेग सुमारे २·२ टक्के अधिक भरला. १६०० मीटरच्या धावेत एवढ्याशा फरकानेही गुण हुकतात, हे भरतीच्या उमेदवारांना सांगण्याची गरज नाही.

मराठीत या फरकाला निराळे रूप येते. इंग्रजीत सर्वनाम उच्चारावेच लागते. मराठीत ‘मी पळू शकतो’ हे तीन शब्दांचे, शक्यार्थाने थोडे डळमळीत झालेले विधान आहे, तर ‘पळ’ हा नुसता धातू म्हणजेच द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञार्थ. प्रत्यय नाही, सर्वनाम नाही, आणि तरीही बोलणारा व ऐकणारा वेगळे झालेले आहेत. पावलाच्या ठेक्यात बसण्यासही हेच रूप सोयीचे. याखेरीज मराठीजवळ ‘आपण’ आहे. ते ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या वाटेने आलेले असून ‘स्वतः’, ‘तुम्ही’ आणि ‘मी व तू मिळून’ असे तिन्ही अर्थ वाहते. बोलीत तर ‘आपण नाही थांबत’ असे म्हणणारा केवळ स्वतःविषयीच बोलत असतो. धावताना ‘चल, आपण वळणापर्यंत जाऊ’ असे मनाशी म्हणणारा मुलगा आज्ञाही देतो आणि सोबतही करतो. वरील प्रयोगांत अशा सर्वनामाला जागाच नव्हती, कारण इंग्रजीत ते नाही. मराठी भाषकांवर हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

मनाला समोर उभे करून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठी वाङ्मयाला नवी नाही. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ मनाला उद्देशून रचले आहेत. (रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्यात मोडते, १९८१ पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होते.) त्या रचनेचा हेतू पारमार्थिक आहे, तिला क्रीडामानसशास्त्राचा पूर्वावतार ठरविणे हास्यास्पद होईल. पण मनाला ‘तू’ म्हणणे येथील श्रोत्याला कृत्रिम वाटत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

थकव्याची मराठी वाक्येही पाहण्यासारखी आहेत. ‘मला दम लागला’, ‘पाय भरून आले’, ‘पायात गोळे आले’ या रचनांत थकणारा माणूस कर्ता नसतो. थकवा ही त्याच्याकडे येणारी, त्याला लागणारी वस्तू असते. ‘मी संपलो’ या वाक्यात मात्र सारा माणूसच विधेयाखाली सापडतो. व्याकरणामुळे माणूस कमीअधिक थकतो, असा निष्कर्ष यातून काढू नये. परंतु प्रशिक्षकाने ‘संपलो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाय भरून आले आहेत’ असे म्हणावयास शिकविले, तर तक्रार खरीच राहते आणि तिची व्याप्ती तेवढी आवरते. फारसीतून आलेला श्वासवाचक ‘दम’ तर तक्रारीत आणि उपायात दोन्हीकडे आहे : दम लागतो, आणि ‘दम धर’ असे सांगितले जाते.

आज्ञेला जवळचे ठिकाण जोडले की ती अधिक उपयोगी पडते. ध्येय जवळ येते तशी धाव वाढते, हे क्लार्क हल याने १९३० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे ज्या शर्यतीत धावतो, त्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाणउड्या मिळून अंतराचे तुकडे आपोआप पडतात. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११·२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती, आणि सुवर्णपदक त्याच्यापासून अवघे ०·०५ सेकंद दूर राहिले. सपाट मैदानावर धावणाऱ्यापुढे मात्र अडथळा नसतो. तेथे तुकडे पाडण्याचे काम ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाला करावे लागते : खांबापर्यंत, वळणापर्यंत, पुढच्याच्या पाठीपर्यंत.

या सर्वांस एक मर्यादा आहे आणि ती जिवाशी निगडित आहे. २०२४ साली झारखंडात उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीतील १० किलोमीटरच्या धावेच्या वेळी दहाहून अधिक उमेदवारांनी प्राण गमावले. मराठवाड्याचा उन्हाळाही ४० अंशांपलीकडे जातो. श्रमाची जाणीव कमी करणारे शब्द धोक्याची जाणीवही बुजवू शकतात. म्हणून मैदानावर शिकविताना दोन प्रकारची वाक्ये आरंभीच वेगळी करून द्यावी लागतात. दम लागला, पाय जड झाले, पोटऱ्या दुखतात : यांना उत्तर देता येते. भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत कळ येते, बोलणे अडखळते : यांना ‘पळ’ हे उत्तर नव्हे. तेथे आज्ञार्थ एकच, ‘थांब’. आणि तो धावणाऱ्याला स्वतःला उच्चारता आला नाही, तर कडेला उभ्या असलेल्याने मोठ्याने उच्चारावयाचा असतो.