धुण्याचा खर्च आणि कपड्याचे आयुष्य

व्यापाराच्या पानावर धुण्याचा विषय कशाला, असे काही बांधव विचारतील. पण कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. गल्ल्यावर "रंग उडाला", "कुर्ता आखडला" अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा कापडाच्या नसतात, धुण्याच्या असतात. पेण-रोह्याकडच्या छोट्या दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरात साबण, वीज, इस्त्री आणि लवकर विटलेले कपडे यांवर महिन्याला जे पैसे जातात, ते कोणी वहीत मांडत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. पेणच्या खारेपाटात पाणी खारे आणि जड. अशा पाण्यात वडीचा साबण फेस धरत नाही, उलट त्याचा चिकट साका कपड्यावर बसतो आणि पांढरा सदरा चार धुण्यांत राखाडी होतो. गृहिणी मग आणखी साबण घासते. पैसा जातो, साका वाढतो. अशा ठिकाणी डिटर्जंट पावडर बरी, आणि पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला तर पावडर कमी लागते. मात्र सोडा सुती कपड्यापुरताच. रेशीम आणि लोकर यांना तो मारक आहे, त्यांना रिठ्याचे पाणी द्यावे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळातून जे पडते, ते धुण्यासाठी सर्वांत उत्तम पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाले की पागोळीखाली पिंप लावावे. निम्म्या साबणात काम होते आणि खळबळायलाही पाणी कमी लागते. फुकटचा माल आहे, पण लोक तो गटारात जाऊ देतात.

फेस म्हणजे सफाई, हाही एक गैरसमज. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली आणि पुढे स्वस्त पावडर घरोघर पोहोचली. तेव्हापासून मुठीने पावडर टाकायची सवय लागली. जास्त पावडर म्हणजे जास्त खळबळणे. ज्या घरात पाणी मोटरने वर चढवावे लागते, तिथे ते खळबळणेही विजेच्या बिलात येते. एखादा जुना चमचा मापाला ठेवावा. कॉलर आणि बाह्या तेवढ्या आधी घासून अर्धा तास भिजत घातल्या की बाकी कपड्याला फारशी मेहनत नको.

आता विजेचा हिशेब. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये पंधरा लिटर पाणी आपल्या हवेतल्या सत्तावीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायचे तर नुसत्या तापवण्यालाच अर्ध्या युनिटाहून अधिक वीज लागते. साध्या, गरम न करणाऱ्या मशीनची साडेतीनशे-चारशे वॅटची मोटर पंधरा मिनिटांत युनिटाच्या दहाव्या हिश्श्याएवढी वीज खाते. म्हणजे खर्च फिरवण्याचा नाही, तापवण्याचा आहे. थंड मुलखात नळाचे पाणी बर्फासारखे असते, तिथे गरम पाण्याला अर्थ आहे. आपल्या कोकणात नळाचे पाणी मुळातच कोमट. गॅरेजवाल्याचे तेलकट कपडे, आजाऱ्याच्या चादरी, तान्ह्या मुलाचे लंगोट सोडले तर गरम पाण्याची गरजच नाही. आणि गरम पाण्यानेच सुती कापड आखडते, कच्चा रंग सुटतो. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात महिन्याच्या शंभर युनिटांवर गेलेल्या युनिटांना चढा दर आहे, त्यामुळे काठावर असलेल्या घराला दहा-पंधरा युनिटेही जाणवतात.

पावसाळ्यात खरी पंचाईत वाळवण्याची. पुष्कळ ठिकाणी ओला सदरा इस्त्रीने वाळवतात. हा सर्वांत महागडा प्रकार. कपड्यातले एक लिटर पाणी उष्णतेने उडवायला साधारण पाऊण युनिटाच्या आसपास वीज जाते. तेच पाणी मशीनच्या स्पिनरने पाच मिनिटांत फेकले तर वीज नावापुरती. मशीन नसेल तर जाड टॉवेलात कपडा गुंडाळून पिळावा, मग पंख्याखाली दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून टांगावा. साधा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास असतो. रात्री तो आपल्यासाठी चालतोच, त्याच खोलीत दोरी बांधली की झाले.

इस्त्री रोज एकेका कपड्याला करू नये. दर वेळी ती थंडीची गरम करावी लागते. आठवड्याचे कपडे एकदम घ्यावे, थोडे ओलसर असतानाच. आधी टेरिकॉट आणि रेयॉन कमी आचेवर, मग सुती, आणि बटण बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत रुमाल, टोप्या. जुम्म्याच्या पांढऱ्या कुर्त्याला खळ हवीच असेल तर विकतच्या पाकिटापेक्षा घरच्या भाताची पेज गाळून वापरावी. पावसात मात्र खळ घातलेला कपडा कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.

रंगीत कापडाबद्दल गिऱ्हाईक नेहमी विचारते की मिठाच्या पाण्यात भिजवला तर रंग पक्का होईल का. होत नाही. मीठ रंगाईच्या कढईत उपयोगी पडते, तयार कपड्यावर नाही. नवा कपडा पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा, थंड पाण्यात, न भिजवता धुवावा आणि उलटा करून सावलीत वाळवावा. काळा बुरखा भर उन्हात टाकणारे लोक वर्षाच्या आत तो तपकिरी झाला म्हणून दुकानात येतात. शिंपी बांधवांनी सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून घ्यावे. नाहीतर धुतल्यावर आखडलेल्या कुर्त्याचा बोल दुकानदारालाही लागतो आणि त्यांनाही.

मशीन घ्यायचेच असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे पाहावेत. घरात खारे पाणी असेल तर पाणी तापवण्याच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो हेही दुकानात आधी विचारून घ्यावे.