झोपेत दात खाणारी गाडी

मुलं झोपेत दात खातात तसा आवाज कॅनडाच्या हिवाळ्यात एखाद्या फोर्ड एफ-१५० पिकअपच्या पुढच्या चाकातून येतो. २००४ पासूनच्या अनेक फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत गंमत उलटी आहे. इंजिनाची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी ठेवते. नळीत वा सोलेनॉइडमध्ये शिरलेलं पाणी गोठलं, रबर तडकलं, की ओढ कमी पडते. दाते अर्धवट भिडून झिजतात. असे दाते ऐन बर्फाळ चढावर दगा देतात. बर्फावर फोर-व्हील लावताच आवाज थांबला, तर संशय बळावतो. आधी नळ्या आणि वन-वे व्हॉल्व्ह पाहा, ते स्वस्त असतात. हब उघडायची घाई मेकॅनिकलाच फार! कोरड्या डांबरावर मात्र आवाज दडपायला फोर-व्हील लावू नका. गिअरांना पीळ बसतो.