भरती, ओहोटी आणि डिझेल

कल्याणहून मुंब्रा, घोडबंदरवरून खाडीने वसईला मोटारबोट न्यायची, तर डिझेलचा हिशेब अंतरावर नव्हे, तासांवर करावा. समजा, संथ पाण्यात बोट ताशी १२ किलोमीटर जाते आणि तासाला ६ लिटर जाळते. २४ किलोमीटरांना १२ लिटर पुरतील. ताशी ४ किलोमीटरांची भरती समोरून आली, की वेग ८ वर येतो आणि १८ लिटर लागतात; ओहोटीबरोबर ९ लिटरांत भागते. पाणी सुमारे सहा तासांनी पालटते; अमावास्या-पौर्णिमेला त्याची ओढ अधिक. म्हणून भरतीचाच आकडा धरावा आणि टाकीचा तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच पुढचा थांबा गाठावा. हा हिशेब खलाशाला विचारून व्हावा. डिझेलात काटकसर करणारा मालक बंदरावर असतो. भर खाडीत इंजिन थंडावले, की वल्हे खलाशाच्याच हाती येते.