स्वभावाला औषध?

येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे. एकाच माणसाला या तिन्ही दारांतून जावं लागू शकतं: कानात आवाज येतात, ते दाबायला दारू किंवा गर्द लागते, गर्दसाठी चोरी होते. मुक्तांगणची सुरुवातच १९८६ साली मनोरुग्णालयाच्या आवारात झाली. डॉ. अनिता अवचट तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यांचे पती अनिल अवचट गर्दुल्ल्यांवर लिहीत होते, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं.

अमली पदार्थांचा १९८५चा कायदा कठोर म्हणून ओळखला जातो, पण त्यातही एक खिडकी आहे. किरकोळ प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर उपचारांना पाठवू शकतं. अशा गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासूनही संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे पुढाकार हवा आणि चिकाटी हवी. नेमकं तेच, ज्याची अशा माणसाकडे बहुधा वानवा!

इथे स्वभाव आपले रंग दाखवतो. उतावळा माणूस पहिल्या टर्कीतच, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासातच, पळ काढेल अशी भीती असते. उलट ज्याला आपण घाबरट, रडका म्हणून हिणवतो, त्याला स्वतःचा त्रास असह्य होतो. तोच कधी कधी आपल्या पायांनी येतो. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणारा मात्र दाराशीही फिरकत नाही. मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी तर व्यसनाकडे ओढणारे चार स्वभावधर्म वेगळे काढले: निराशा, घाबरल्यावर होणाऱ्या धडधडीचीच धास्ती, उतावीळपणा आणि थराराची ओढ. प्रत्येकासाठी समुपदेशनही वेगळं.

आणि स्वभावाला औषध नाही, असं आपण ठामपणे म्हणतो ना? मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत स्वभाव मोजण्याइतका हलला होता, विशेषतः भावनिक स्थैर्य वाढलं होतं. मी हे वाचून थक्क झालो. पण त्यातच एक बोचरी नोंद आहे: चिंताविकाराच्या रुग्णांचा स्वभाव सर्वाधिक बदलला, व्यसनावर उपचार घेणाऱ्यांचा सर्वांत कमी. आणि मुक्तांगणमधला मुक्काम तर साधारण ३५ दिवसांचा, त्या २४ आठवड्यांहून कितीतरी कमी. त्यानंतरचा फॉलोअप मात्र वर्षानुवर्षं चालू राहतो.